मेथी हवी, पण गोळी सोडून नव्हे

लवळ्याच्या टेकडीवर विद्यापीठ, वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. मुळशीच्या खाचरांत आंबेमोहोर पिकतो. या भागात मधुमेहाचे निदान झाले की रुग्णाचे दोन प्रश्न ठरलेले असतात. ‘भात बंद का?’ आणि ‘एखादे झाडपाल्याचे औषध नाही का?’ या दोन्ही प्रश्नांचा धागा वनस्पतींतील कर्बोदकांशी जोडलेला आहे.

सगळी कर्बोदके सारखी नसतात. पांढऱ्या भातातील स्टार्च झटपट पचतो आणि रक्तातील साखर वेगाने चढते. मेथीच्या दाण्यातील गॅलॅक्टोमॅनन किंवा इसबगोलाचा चिकट पदार्थ हीसुद्धा कर्बोदकेच. पण ती लहान आतड्यात पचत नाहीत. पाणी शोषून बुळबुळीत होतात आणि जेवणातील साखर रक्तात सावकाश उतरते. शिजवून गार केलेल्या भातातही थोडा स्टार्च न पचणारा बनतो. हे तंतू मोठ्या आतड्यात पोहोचले की तिथले जिवाणू त्यांपासून आखूड साखळीची मेदाम्ले तयार करतात, आणि त्यांतून इन्शुलिनला मदत करणाऱ्या संप्रेरकांना चालना मिळते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९९० च्या सुमारास मेथीचे प्रयोग केले आणि साखर उतरल्याचे दाखवले. मात्र तिथे मेथीची पूड रोज कित्येक ग्रॅम, मोजूनमापून दिली होती. रात्री भिजवलेले चार दाणे म्हणजे तो प्रयोग नव्हे. चीनमधील २०१८ च्या एका अभ्यासात तंतूंचा भरपूर आहार घेणाऱ्यांची साखर इतरांपेक्षा चांगली आटोक्यात आली. पण त्या अभ्यासातील दोन्ही गटांना अकार्बोजची गोळी चालू होती, हे लक्षात घ्यायला हवे.

झाडापासून औषध होतच नाही, असे नाही. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन मिळाले. ग्लुकोज जोडलेला हा रेणू लघवीवाटे साखर बाहेर टाकतो. तो तसाच पोटातून देणे सोयीचे नव्हते, म्हणून त्यात बदल करत डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे घडली. युरोपात ते २०१२ मध्ये मान्य झाले. सालीपासून गोळीपर्यंत पावणेदोनशे वर्षे लागली. बाजारातल्या चूर्णाच्या डबीने यातला कोणता टप्पा पार केला आहे, हे विकत घेणाऱ्याने विचारलेच पाहिजे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. सरकारी रुग्णालयात यांपैकी काही जण औषध सोडून आल्यावरच दिसतात : पायाची जखम चिघळलेली, नजर धूसर झालेली. टाइप १ च्या मुलाचे इन्शुलिन थांबवले, तर काही दिवसांतच कीटोॲसिडोसिस होऊन जीव जाऊ शकतो. तिथे मेथी कामाची नाही.

म्हणून ताटात बदल जरूर करावा : भाताचा वाटा कमी, डाळ-उसळ-पालेभाजी जास्त. मेथी किंवा इसबगोल नियमित सुरू करायचे तर डॉक्टरांना सांगून. कारण गोळ्यांसोबत साखर फार खाली जाऊ शकते. इसबगोल भरपूर पाण्याबरोबर आणि इतर औषधांपासून दोन तास दूर ठेवून घ्यावे. संशोधकांनी शोध सुरू ठेवावेत. त्यातून सिद्ध झालेले औषध हाती येईपर्यंत मेथीची जागा ताटात, आणि गोळीची जागा तिच्या वेळेवर.