गप्प बसलेले मूल सुधारलेले नसते

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि पाठोपाठ नागभीड तालुक्यात धानाची रोवणी लागते. घरातली मोठी माणसे सकाळीच बांधीत उतरतात, मूल शाळेच्या हवाली होते. बहुतेक मुलांना हा बदल चार दिवसांत अंगवळणी पडतो. ऑटिझम असलेल्या, म्हणजे स्वमग्न मुलाला तो पडत नाही. नवा वर्ग, सगळ्या वर्गाने एका सुरात म्हटलेले पाढे, पत्र्यावर कोसळणारा पाऊस, खिचडीच्या रांगेतली ढकलाढकली हे सारे त्याच्यावर एकाच वेळी आदळते. ते कान झाकते, किंचाळते, वर्गाबाहेर पळते. मग ओरडा, धपाटा, कधी खोलीत कोंडणे. पोराला वळण नाही, हे गावभर आईला ऐकून घ्यावे लागते ते वेगळेच. काही महिन्यांनी तेच मूल कोपऱ्यात गप्प बसू लागते आणि सगळे म्हणतात, सुधारला.

ते सुधारलेले नसते, घाबरलेले असते. स्वमग्नता ही मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण आहे. भीती मात्र जन्मासोबत आलेली नाही. ती माणसांनी घातली आहे. आघात म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अपघात येतो, किंवा ब्रह्मपुरी वनविभागात राहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वाघाचा हल्ला. ज्या घरातला माणूस वाघाने नेला त्या घरातली दहशत या भागात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. स्वमग्न मुलाला तशीच दहशत रोजच्या चिडवण्यातून आणि हिसकाहिसकीतून बसू शकते, हे मात्र समजावून सांगावे लागते. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2020 साली 59 स्वमग्न प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वैद्यकाच्या व्याख्येत आघात म्हणून न मोजल्या जाणाऱ्या घटनांनंतरही, त्या अनुभवलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणांत आघातोत्तर तणावाची लक्षणे आढळली. अभ्यास लहान आहे, पण शिक्षकांनी आणि पालकांनी दखल घ्यावी असा आहे.

खरा घात पुढे होतो. बोलता येणारे शब्दही गमावणे, झोप उडणे, अंथरूण ओले होणे, स्वतःच्या हाताला चावणे, शाळेचे दप्तर दिसताच थरथरणे ही जखमेची लक्षणे असू शकतात. पण ती स्वमग्नतेच्या खात्यावर टाकली जातात. ‘त्याचं असंच आहे’ एवढे म्हटले की विचारपूस थांबते, आणि ज्याच्यामुळे मूल भेदरले आहे तो वर्ग, तो मोठा मुलगा, तो हात तसाच चालू राहतो. मुलाला सांगता येत नाही. दाढ दुखत असली तरी सांगता येत नाही, मग मार बसल्याचे ते कसे सांगणार?

दोष आईवर ढकलण्याची खोड केवळ आपली नाही. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये या मुलांचे पहिले सविस्तर वर्णन केले, त्यानंतरची कित्येक वर्षे अमेरिकेतही आईचा कोरडेपणाच याला कारण मानला गेला. स्वतः स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 मध्ये ते मत खोडून काढले. आपल्याकडे आईच्या जोडीला ग्रहण, नजर आणि ‘बाहेरचं’ आहे. पोराला मांत्रिकापुढे बसवून धूर देणे, मारणे हे सगळे उपचार म्हणून चालते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आईबापांना तरी किती बोलावे? या पट्ट्यातली कुटुंबे दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात. मूल सोबत नेले तर परके रान आणि परकी भाषा. आजीजवळ ठेवले तर रोजची माणसेच नाहीशी होतात. ठरलेल्या दिनक्रमावर तग धरणाऱ्या मुलासाठी दोन्ही कठीण. पोटासाठी हे करावे लागणाऱ्यांना दोष देण्यापेक्षा, मागे राहिलेल्या आजीच्या दारी आशाताईने आठवड्याला एक चक्कर मारावी.

कायद्याने या मुलांना काही कमी दिलेले नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये स्वमग्नतेची स्वतंत्र नोंद आहे. 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत ती आहे, आणि त्याच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा जायचे असते. पण वजन-उंचीच्या धावपळीत न बोलणारे मूल ‘लाजाळू’ म्हणून सुटते. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. राज्याने 2024 मध्ये 4,860 विशेष शिक्षकांची पदे मंजूर केली, तीही केंद्रस्तरावर. एका केंद्रात अनेक शाळा येतात. एका शाळेत तो शिक्षक किती दिवस दिसणार? दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याचे ठिकाण गाठायचे तर चंद्रपूर शंभरेक किलोमीटर. एसटीचा हॉर्न आणि गर्दी ज्याला सोसत नाही, त्याच मुलाला घेऊन हा प्रवास, मजुरी बुडवून, आणि एका फेरीत काम होईल याची हमी नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. या मुलांना शिकवायची चित्रे, शब्द, सूचना सगळ्या शहरी मराठीतल्या किंवा हिंदीतल्या. घरात झाडीबोली किंवा गोंडी ऐकणाऱ्या मुलाला आधीच शब्द जड, त्यात परके शब्द. त्याच्या चित्रांत बांधी, बोडी आणि चूल का असू नये? हे काम इथल्याच शिक्षकांना आणि अंगणवाडीताईंना सर्वांत चांगले जमेल.

तालुका आरोग्य विभागाने जिल्ह्याच्या पथकाला महिन्यातून एकदा नागभीडच्या ग्रामीण रुग्णालयात बोलवावे. तपासणीही तिथेच व्हावी, प्रमाणपत्राचे कागदही तिथेच व्हावेत. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी सत्राच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक शाळेत गलक्यापासून दूर एक शांत जागा, भिंतीवर दिवसभराच्या कामांची चित्रे आणि या मुलाला ओळखणारा एक ठरलेला शिक्षक, एवढे करून घ्यावे. स्नेहसंमेलनाच्या लाऊडस्पीकरपुढे त्याला ओढून उभे करू नये. मुलावर हात उगारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने 2010 पासून बंद केले आहे. ते कलम प्रत्येक शाळेत मोठ्या अक्षरांत लावा आणि मोडणाऱ्यावर कारवाई करा. त्यासाठी मुंबईच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.