चूक पंखाची, दुरुस्ती शेपटीची

प्रतिकृती-विमाने तयार करणे हा केवळ मनोरंजनाचा विषय नव्हे. हाताने विज्ञान शिकण्याचे ते एक उत्तम साधन होय. भारतात राष्ट्रीय छात्रसेनेचा वायुविभाग १९५० साली सुरू झाला आणि त्याच्या शिक्षणक्रमात या विद्येला स्थान आहे. परंतु विमान जुळवताना विद्यार्थ्याच्या हातून चूक झाली की तिच्यावर जो उपाय सामान्यतः योजला जातो, त्यामुळे या साधनाचा बराचसा लाभ वाया जातो.

नेहमी आढळणारी एक चूक उदाहरणादाखल घेऊ. बाल्सा लाकडाच्या पंखाचे डावे व उजवे भाग स्वतंत्रपणे तयार करून मध्यभागी चिकटवतात. त्या वेळी एक भाग किंचित फिरला, तर दोहोंचे कोन सारखे राहत नाहीत. पंखाची रुंदी १० सेंटीमीटर असेल आणि डाव्या भागाची मागची कडा २ मिलिमीटर खाली गेली असेल, तर हा फरक एका अंशाहून थोडा अधिक भरतो. डोळ्यांना तो सहसा जाणवत नाही. परंतु हवेत त्याचा परिणाम तत्काळ दिसतो. डाव्या भागावर उचलणारे बल अधिक निर्माण होते, तो वर जातो आणि विमान उजवीकडे कलून त्याच दिशेस वळू लागते.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे शेपटीवरील सुकाणू डावीकडे वाकवणे. तो क्षणात होतो आणि विमान सरळ गेल्यासारखे दिसतेही. वस्तुतः हा ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असा प्रकार आहे. रबराच्या पिळावर चालणाऱ्या विमानात प्रोपेलरने मागे लोटलेला हवेचा झोत सुकाणूवर येत असतो, तोवर सुकाणूचा प्रभाव मोठा असतो. पीळ उलगडला की झोत थांबतो व सुकाणूचा जोर ओसरतो. पंखातील दोष मात्र कायम राहतो. याहून गंभीर गोष्ट अशी की, वेग मंदावून विमानाचे नाक वर झाले असता अधिक कोनात बसलेला डावा भागच आधी आपले उचलणारे बल गमावतो. उजवीकडे वळणारे विमान मग एकाएकी डावीकडे कोसळते.

खरा उपाय एकच: सांधा सोडवून तो पुन्हा जोडणे. सेल्युलोज-सिमेंटचा सांधा ॲसिटोनने मऊ पडतो. ॲसिटोन ज्वालाग्राही असल्याने हे काम विस्तवापासून दूर, मोकळ्या हवेत आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली करावे. अन्य प्रकारचा सांधा बारीक दातांच्या करवतीने कापावा. नंतर एक भाग सपाट फळीवर टाचण्यांनी पक्का करावा. दुसऱ्या भागाचे टोक आराखड्यात दिलेल्या उंचीवर उचलून त्याच्या पुढच्या व मागच्या कडेखाली समान उंचीचे ठोकळे ठेवावेत. सांध्यास पातळ प्लायवूडच्या पट्टीचा आधार देऊन तो रात्रभर वाळू द्यावा.

विमानविद्येचा इतिहासही याच मार्गाची साक्ष देतो. १९०१ साली राइट बंधूंच्या ग्लायडरला अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी बल मिळाले. त्यांनी वरवरची डागडुजी केली नाही. त्याच वर्षी डेटन येथे एक लहानसा वातबोगदा बांधून त्यांनी सुमारे २०० लहान पंखांची परीक्षा केली. त्या मोजमापांवर आधारलेला १९०२ चा ग्लायडर यशस्वी झाला आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे इंजिनयुक्त विमान उडाले.

शाळेच्या एका तासात सांधा सोडवणे, जोडणे आणि वाळवणे शक्य नाही, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. साहित्यही स्वस्त नसते. परंतु त्यावर उपाय नवे साहित्य देणे हा नव्हे, तसेच शिक्षकांनी स्वतः दोष काढून देणे हाही नव्हे. तयार होणाऱ्या विमानांची संख्या कमी करावी आणि प्रत्येक विमानास दोन आठवडे अधिक द्यावेत. सदोष उड्डाण व दुरुस्तीनंतरचे उड्डाण, दोहोंची नोंद विद्यार्थ्याने वहीत करावी. विमान कोणत्या दिशेस वळले, पंखाच्या कडांत किती मिलिमीटरांचा फरक आढळला, हे लिहावे. गुण केवळ सुबक विमानास न देता या नोंदीसही द्यावेत.

असे झाले नाही, तर चूक झाकण्याची युक्ती हेच विद्यार्थ्याचे शिक्षण ठरेल. आज वाकवलेल्या सुकाणूने फार तर एक बाल्साचे विमान मोडेल. परंतु हाच विद्यार्थी उद्या पूल, यंत्रे वा खरी विमाने बांधणार आहे. दोष जेथे असेल तेथेच शोधण्याची सवय त्याला शाळेतच लागली पाहिजे.