‘शाळेच्या सुट्ट्या वगळून’

संसदेने २०१३ साली राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा संमत केला. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या मुलांना दररोज दुपारचे एक जेवण विनामूल्य मिळेल, असे अभिवचन त्याच्या पाचव्या कलमात आहे. जे आजवर सरकारची मेहेरबानी म्हणून मिळत होते, ते ह्या कलमाने मुलांचा हक्क म्हणून मान्य केले. परंतु ‘दररोज’ ह्या शब्दाला लागूनच तेथे एक अपवाद घातलेला आहे : शाळेच्या सुट्ट्या वगळून. शाळा बंद म्हणून चूल बंद, ह्यात वावगे ते काय, असे मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्याला वाटले असेल. त्या अपवादाने गरिबाच्या मुलाच्या ताटातून वर्षाचे किती दिवस काढून घेतले, हा हिशेब मात्र कोणी मांडलेला नाही.

हिशेब अवघड नाही. शिक्षण हक्क कायद्याने (२००९) पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस ठरवून दिले आहेत. शाळा तेवढेच दिवस भरली, तर पहिल्या गटातील मुलाच्या वाट्याला १६५ आणि दुसऱ्या गटातील मुलाच्या वाट्याला १४५ बिनजेवणाचे दिवस येतात. त्यांतील रविवार आणि सणावार सोडून दिले, तरी उन्हाळ्याचे सलग सहा-सात आठवडे आणि दिवाळीची सुट्टी उरतेच. येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. अंगणवाडीतील पूरक आहार वर्षातून ३०० दिवस द्यावयाचा असतो. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाची भूक शासनाला मे महिन्यातही मान्य आहे. तेच मूल सहा वर्षांचे होऊन पहिलीत बसले की त्याची भूक शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे चालू लागते, असे हे शास्त्र आहे!

मे महिना हा खेड्यातील भूमिहीनांच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत हलाखीचा काळ. रब्बीची कामे आटोपलेली, खरिपाची सुरू व्हावयाची. ऊसतोडणी करून बीड-अहिल्यानगरच्या गावी परतलेल्या कुटुंबाच्या हाती उचलीचा हिशेब भागवून फारसे काही राहिलेले नसते. पाण्यासाठी बाईचा अर्धा दिवस जातो. शहरात धुणीभांडी करणाऱ्या किंवा बांधकामावर राबणाऱ्या स्त्रीला तर मुलाच्या सुट्टीबरोबर सुट्टी मिळत नाही. मिळकत सर्वांत कमी असते नेमक्या त्याच वेळी दोन-तीन मुलांचे एकेक जेवण घरखर्चात वाढते, आणि दिवसभर त्यांच्याकडे पाहावयास घरी कोणी नसते. २०१६ ते २०१८ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण पाहणीत देशातील पाच ते नऊ वयोगटातील सुमारे २२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि सुमारे २३ टक्के मुले कृश आढळली. अशा शरीरांना सहा आठवड्यांचा खंड परवडत नाही.

हे सांगण्यासाठी अंदाजाची गरज नाही. ह्या प्रश्नाचे उत्तर एका नगरपालिकेने तराजू लावून ११९ वर्षांपूर्वीच शोधून ठेवले आहे, आणि त्या उत्तराचे श्रेय समाजवाद्यांचे आहे. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे गाव. मार्गारेट मॅकमिलन आणि फ्रेड जोवेट ह्या इंडिपेंडंट लेबर पार्टीच्या कार्यकर्त्यांनी तेथे उपाशी शाळकरी मुलांचा प्रश्न लावून धरला. जोवेट १९०६ साली पार्लमेंटमध्ये निवडून गेले, आणि त्याच वर्षी शाळांतून जेवण देण्याची मुभा नगरपालिकांना देणारा कायदा झाला. १९०७ साली शाळांचे वैद्यकीय अधिकारी डॉ. राल्फ क्राउली ह्यांनी ब्रॅडफर्डच्या सुमारे चाळीस गरीब मुलांना काही महिने नियमित जेवण देऊन त्यांची वजने नोंदविली. जेवण मिळणाऱ्या मुलांची वजने न मिळणाऱ्यांपेक्षा झपाट्याने वाढली, हे अपेक्षितच होते. त्या आलेखातील खरी बोलकी जागा दुसरी आहे. मध्यंतरी आठवड्याभराची सुट्टी आली, जेवण थांबले, आणि त्या आठवड्यात मुलांची वजने उतरली. जेवण पुन्हा सुरू होताच ती पुन्हा चढू लागली. सुट्टीतील भूक काय करते, ह्याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळेल. पुढे १९१४ च्या दुरुस्तीने ब्रिटिश पार्लमेंटने शाळा बंद असतानाही मुलांना जेवू घालण्याची परवानगी दिली. म्हणजे इंग्लंडने जो अपवाद १९१४ साली खोडला, तो भारताने २०१३ साली नव्याने लिहिला!

त्या देशाने पुढे आपला शब्द नीट पाळला, असे मात्र म्हणता येत नाही. परवानगी राहिली, पण सक्ती नव्हती. आणि पुढे कल्याणकारी खर्चाला कात्री लागत गेली, तसे सुट्टीतील जेवण धर्मादाय संस्थांच्या दारात येऊन बसले. २०२० साली महामारीत हा प्रश्न पुन्हा उफाळला. मार्कस रॅशफर्ड हा फुटबॉलपटू लहानपणी स्वतः शाळेच्या मोफत जेवणावर वाढलेला. त्याने जूनमध्ये खासदारांना जाहीर पत्र लिहिले, आणि दुसऱ्याच दिवशी सरकारला उन्हाळी सुट्टीतील मदतीसाठी १२ कोटी पौंडांची घोषणा करावी लागली. ऑक्टोबरमध्ये मजूर पक्षाने सुट्टीतील जेवणाचा ठराव आणला, तो सत्ताधाऱ्यांनी ३२२ विरुद्ध २६१ मतांनी फेटाळला. लोकक्षोभ इतका झाला की नोव्हेंबरमध्ये त्याच सरकारने २०२१ सालासाठी सुमारे २२ कोटी पौंडांची योजना इंग्लंडभर लागू केली. तिचे नावच ‘सुट्टीतील उपक्रम आणि अन्न’ असे आहे. शाळेत मोफत जेवण घेणाऱ्या मुलांसाठी नाताळ व ईस्टरला एकेक आठवडा आणि उन्हाळ्यात चार आठवडे शिबिरे भरतात. आठवड्यातून चार दिवस, दिवसाला किमान चार तास, खेळ, छंद आणि पोटभर जेवण. ह्या योजनेसाठी २०२६-२७ पासूनच्या तीन वर्षांकरिता ६० कोटी पौंडांहून अधिक तरतूद जाहीर झाली आहे.

ह्या योजनेचे तोकडेपणही सांगितले पाहिजे. सहा आठवड्यांचे चार-चार दिवस म्हणजे वर्षातून २४ दिवस. तेथील सुट्ट्यांचे आठवडे साधारण तेरा, म्हणजे ६५ दिवस. निम्म्याहून अधिक दिवस मूल पुन्हा वाऱ्यावरच. शिवाय उत्पन्नाची अट लावून मुले निवडली जात असल्याने, रेषेच्या जरा वर असलेले गरीब बाहेर राहतात. तरीही दोन गोष्टी ह्या योजनेने मान्य केल्या आहेत. सुट्टीतील भूक ही सार्वजनिक जबाबदारी आहे, ही पहिली. नुसते जेवण वाढून भागत नाही, त्याला खेळाची आणि शिक्षणाची जोड हवी, ही दुसरी.

भारतातही पहिली गोष्ट न्यायालयाने कधीच सांगून ठेवली आहे. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शिजवलेल्या जेवणाचा आदेश दिला. २० एप्रिल २००४ रोजी त्याच न्यायालयाने दुष्काळी भागांत उन्हाळी सुट्टीतही जेवण द्यावे असे बजावले. आणि २०१६ साली स्वराज अभियानाच्या याचिकेवर त्याचा पुनरुच्चार केला. महाराष्ट्रात त्याप्रमाणे टंचाईग्रस्त तालुक्यांसाठी आदेशही निघाले आहेत. परंतु दुष्काळ जाहीर होणे हे जिल्हाधिकाऱ्याच्या आणेवारीवर आणि मंत्रालयाच्या मर्जीवर अवलंबून असते. ज्या तालुक्यात पाऊस सरासरीइतका झाला, तेथील शेतमजुराचे मूल मे महिन्यात पोटभर जेवते काय? भूमिहीनाला दुष्काळ जाहीर व्हावा लागत नाही. तो त्याच्या घरी दरवर्षी असतोच.

आता आक्षेपांकडे वळावे. पहिला आक्षेप पैशाचा. १ मे २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार डाळ, भाजी, तेल, मीठमसाला आणि इंधन ह्यांसाठी पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १० रुपये १७ पैसे धरले जातात. धान्य केंद्राच्या कोठारातून वेगळे येते. चाळीस दिवसांच्या सुट्टीचा हा खर्च लहान मुलामागे सुमारे २७१ रुपये आणि मोठ्या मुलामागे सुमारे ४०७ रुपये. एक लाख लहान मुलांना संपूर्ण उन्हाळाभर जेवू घालावयास ह्या खात्यावर पावणेतीन कोटीही लागत नाहीत. ही रक्कम सकस आहाराला अपुरी आहे, ती दुप्पट करावी अशी मागणी रास्तच आहे. पण दुप्पट करूनही जो आकडा येतो, तो पाहून तिजोरी रिकामी होईल असे म्हणणाऱ्याने अंकगणिताशी तरी प्रामाणिक राहावे. आणि २०२० च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनेच त्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीत आहार देण्याचे ठरवून त्यासाठी सुमारे १,६०० कोटी रुपयांचा अधिक खर्च जाहीर केला होता. महामारीत जे शक्य झाले, ते एरवी अशक्य कसे ठरते?

दुसरा आक्षेप नीतीचा. मुलांना पोसणे हे आईबापांचे कर्तव्य. सरकारने सारेच करावयाचे तर कुटुंब कशाला, असे सुखवस्तू मंडळी म्हणतात. हे कर्तव्य गरीब आईबापांना शिकविण्याची गरज नाही. मुलाला वाढून स्वतः पाणी पिऊन झोपणारी आई ह्या देशात लक्षावधी घरांत आहे. प्रश्न कर्तव्यबुद्धीचा नसून मजुरीचा आहे, आणि ती मजुरी ठरविण्याचे अधिकार त्या आईच्या हाती नाहीत. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळते ना, असेही विचारले जाते. पाच किलो म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅमच्या आत-बाहेर, तेही केवळ तांदूळ किंवा गहू. डाळ, भाजी आणि अंडे त्यात कोठेच नाही.

तिसरा आक्षेप हळवा असल्याने अधिक फसवा आहे. सुट्टी म्हणजे मामाचा गाव, आंबे, विहिरीतले पोहणे. त्यात सरकारी शिबिरांचा बडगा कशाला? ज्यांच्या मामाकडे आमराई आहे, त्यांनी खुशाल जावे. परंतु ज्याचा मामाही वीटभट्टीवर आहे, त्या मुलाची सुट्टी कोठे जाते? ती धाकट्या भावंडांना सांभाळण्यात, शेळ्यांमागे, बापाच्या हाताखाली गवंडीकामावर, किंवा पत्र्याच्या तापलेल्या खोलीत जाते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा काही जागा रिकाम्या असतात, त्यांचे एक कारण ह्या आठवड्यांत दडलेले आहे. दरम्यान मध्यमवर्गीय वस्त्यांत चित्रकलेची, पोहण्याची, संगणकाची उन्हाळी शिबिरे हजारो रुपये शुल्क घेऊन भरतात. सुट्टीत मुलाने काही शिकावे, खेळावे, हे त्या वर्गाला उत्तम समजते. ते केवळ आपल्या मुलापुरते का समजावे?

म्हणूनच नुसत्या जेवणाची घंटा वाजवून चालणार नाही. ओसाड शाळेत भर दुपारी ताट घेऊन रांगेत उभे राहावयास मूल लाजते; ते भिकेसारखे वाटते. तेथेच सकाळी कबड्डी, गाणी, गोष्टी, विज्ञानाचे प्रयोग, पुस्तकांची पेटी असेल, तर मूल धावत येईल, आणि जेवण हा त्या दिवसाचा स्वाभाविक भाग होईल. एका पंगतीत बसून जेवण्याने जातिभेदाची धार बोथट होते, हा लाभ वेगळाच. महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनकवडीला उपाशी मुलांसाठी बालाश्रम चालविला. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाने शाखा आणि शिबिरांतून हजारो मुलांना खेळता खेळता समतेचे संस्कार दिले. पण स्वयंसेवकांच्या उत्साहाला मर्यादा असतात, आणि वाढदिवसाला दात्याने वाढलेल्या गोडधोडाच्या ‘तिथी भोजना’ला तर हक्क म्हणताच येत नाही. दात्याचा वाढदिवस वर्षातून एकदा येतो. भूक रोज येते.

एक आक्षेप मात्र खरा आहे. शिक्षकांवर शाळाबाह्य कामांचा बोजा आधीच असह्य झाला आहे. त्यांची सुट्टी हिरावून ही शिबिरे चालवू नयेत. त्याची गरजही नाही. अध्यापनाची पदविका घेऊन घरी बसलेले तरुण-तरुणी गावोगाव आहेत. त्यांना मानधन देऊन हे काम सोपवावे. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांची कथा तर संतापजनक आहे. केंद्राने २००९ साली त्यांचे मानधन महिना १,००० रुपये ठरविले, तेही वर्षातून दहाच महिने. राज्ये त्यात आपली भर घालतात, पण तत्त्व कायम आहे : शाळेच्या सुट्टीत मुलाचे जेवण बंद, आणि ते शिजविणाऱ्या बाईची मजुरीही बंद. बहुधा ती त्याच वस्तीतील विधवा किंवा परित्यक्ता असते, आणि तिचीही मुले त्याच शाळेत असतात. एकाच अपवादाने तिच्या घरावर दोनदा घाव पडतो.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. अन्नसुरक्षा कायद्याच्या पाचव्या कलमातून सुट्ट्यांचा अपवाद संसदेने काढून टाकावा. ते होईपर्यंत महाराष्ट्राने थांबू नये; ज्या राज्याने १९७७ साली देशात सर्वप्रथम रोजगाराची हमी कायद्याने दिली, त्याला दिल्लीच्या परवानगीची वाट पाहणे शोभत नाही. उन्हाळ्यात आणि दिवाळीत प्रत्येक केंद्रशाळेत आणि महापालिकेच्या शाळेत सकाळची शिबिरे जेवणासह भरवावीत. येईल त्या प्रत्येक मुलाला प्रवेश असावा. दाखला आणि पिवळे कार्ड विचारू नये. स्वयंपाकी स्त्रियांना बारा महिने वेतन द्यावे. आणि पक्षाच्या शाखांनी हा विषय निवेदनांपुरता ठेवू नये. येत्या मे महिन्यात निदान तालुक्याला एक शिबिर स्वतः चालवावे, पहिल्या व शेवटच्या दिवशी मुलांची वजने घ्यावीत, आणि शिबिराबाहेर राहिलेल्या मुलांच्या वजनांसह ते आकडे जिल्हा परिषदेच्या सभेत मांडावेत. ब्रॅडफर्डच्या कार्यकर्त्यांच्या हाती ह्याहून अधिक साधने नव्हती.