नको म्हणण्याची सोय

रात्री न बोलावता कुणाच्या घरी शिरावे, त्याच्या चालत्या घड्याळाची चाके काढून पुन्हा बसवावीत, सकाळी ते घड्याळ बंद पडलेले असावे, आणि वर त्यालाच दरडावून विचारावे, "तुम्ही हे नीट वापरीत होतात ना?" अशा माणसाला आपल्या भाषेत काय म्हणतात, हे वाचकांना सांगण्याचे कारण नाही. मोबाइल फोनच्या कंपन्या मात्र वर्षानुवर्षे नेमके हेच करीत आल्या आहेत, आणि या कृत्याला त्यांनी नाव दिले आहे 'सुधारणा'.

सुधारणा हा शब्द महाराष्ट्राने फार मोल देऊन कमावलेला आहे. आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढला. त्यांनी लोकांशी वाद घातला, लोकांचे शिव्याशाप सोसले. पण लोक झोपलेले असताना त्यांची डोकी बदलून टाकावीत असे त्यांच्या मनात कधी आले नाही. या नव्या सुधारकांना वाद घालायला वेळ नाही. फोनच्या पडद्यावर एक चौकट येते आणि आपल्याला दोनच पर्याय देते: 'आत्ता' किंवा 'आज रात्री'. 'नको' असा तिसरा पर्याय तिथे शोधून सापडत नाही. फाशी कोणत्या वारी हवी एवढेच विचारायचे, हवी की नको ते विचारायचे नाही, असा हा मामला आहे!

माझ्या फोनवर ही कृपा गेल्या पावसाळ्यात झाली. सकाळी पाहतो तो पडद्यावर कंपनीचे नाव झळकते आहे, विझते आहे, पुन्हा झळकते आहे. पुढे काही नाही. मी शेजारच्या मुलाच्या संगणकावरून कंपनीकडे मदत मागितली. समोर माणूस नव्हता, यंत्र होते. आणि ते मोठे अदबशीर होते. त्याने प्रथम मला फोन बंद करून चालू करायला सांगितले. मग फोनच्या 'सेटिंग' मध्ये जायला सांगितले. फोन उघडतच नाही, हे मी चार वेळा लिहिले. शेवटी त्याने माझी ओळख पटवण्यासाठी एक आकडा पाठवला. कुठे? त्याच बंद पडलेल्या फोनवर! विहिरीत पडलेल्या माणसाला "दोर मिळेल, पण आधी वर येऊन अर्जावर सही करा" म्हणण्यासारखेच हे झाले.

मी त्या कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. आमच्या मानवतला दुरुस्तीची दुकाने आहेत. तिथला कारागीर फोन हातात घेतो आणि प्रामाणिकपणे सांगतो, "सॉफ्टवेअर मारावं लागेल, काका. पण आतलं सगळं जाईल." कंपनीच्या केंद्रात जावे तर तिथे पहिला प्रश्न येतो, "हमीची मुदत संपली का?" अहो, हमी मी केलेल्या वापराची की तुम्ही रात्री केलेल्या उद्योगाची? मोटार भरणाऱ्याने न विचारता शेतातल्या पंपाची गुंडाळी जाळली, तर तो दुसऱ्या दिवशी गावात दुकान उघडील काय?

"एवढे काय बिघडले? फोनच तर आहे!" असे पुण्या-मुंबईचा एखादा वाचक म्हणेल. त्याने कापसाच्या दिवसांत मानवतला यावे. राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू केली. शेतकऱ्याने आपल्या शेतातले पीक मोबाइलवरून सातबाऱ्यावर नोंदवायचे. २०२५ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकण्यासाठी कापूस महामंडळाने 'कपास किसान' ॲपवर नोंदणी मागितली. बँकेचा निरोप फोनवर, गॅसचा आकडा फोनवर. म्हणजे फोन ही चैन उरली नाही; तो वहीखाते झाला, तलाठ्याची पायरी झाला. अशा वस्तूला ऐन मुदतीत मारून टाकणे म्हणजे माणसाची तिजोरी बाहेरून कुलूपबंद करण्यासारखे आहे.

सुधारणा मुळीच नको, असे मी म्हणत नाही. फोनच्या आज्ञावलीत भोके असतात, त्यांतून चोर शिरतात, ती बुजवलीच पाहिजेत. पण भोक बुजवताना भिंत पाडू नये, ही अपेक्षा गवंड्याकडूनही असते. आणि हे जमत नाही असेही नाही. फोनमध्ये आज्ञावलीसाठी दोन कप्पे ठेवायचे. नवी रिकाम्या कप्प्यात उतरवायची. ती उठली नाही तर फोनने मुकाट्याने जुन्या कप्प्यावरून चालू व्हायचे, ही युक्ती २०१६ साली अँड्रॉइड ७ बरोबर आली. तरीही पुष्कळ निर्मात्यांनी कित्येक वर्षे ती वापरली नाही. दुसरा कप्पा जागा खातो, एवढीच त्याची किंमत.

बाहेरच्या जगाने हे ओळखले आहे. इटलीच्या स्पर्धा-प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड केला. सुधारणेने फोन मंदावले, ग्राहकांना आधी पुरेसे सांगितले नाही, आणि पूर्वस्थितीवर जाण्याची वाटही ठेवली नाही, हा ठपका होता. आणि कंपन्यांना घाई करता येत नाही असेही नव्हे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष सुधारणेने जगातले सुमारे ८५ लाख संगणक बसले, आपल्याकडे विमानतळांवर हाताने पास लिहायची पाळी आली. तेव्हा दोन तासांच्या आत चूक मागे घेतली गेली, प्रमुखाने माफी मागितली. विमानतळ अडला की माफी, मानवतचा माणूस अडला की 'फोन बंद करून चालू करा'!

माझे मागणे थोडके आहे. कंपनीच्या सुधारणेने फोन मेला तर, हमी असो वा नसो, आतला मजकूर वाचवण्याचा पुरता प्रयत्न करून तो फुकट दुरुस्त व्हावा. मदत मागणाऱ्याला मराठी बोलणारा माणूस मिळावा. आणि जुन्यावर परत जाण्याची वाट खुली असावी.

हे मागण्यासाठी कुणाच्या पाया पडण्याची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात, म्हणजे आम्हांला परभणीलाच, तक्रार करता येते; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. शंभरांतल्या नव्वदांनी नशिबाला दोष देऊन नवा फोन घेतला, तर कंपनीने कशासाठी सुधारावे? बिघडवण्यातच तिचा धंदा आहे. तेव्हा वाचकहो, यंदा फराळ झाला की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमधले फोटो आणि कागद दुसरीकडे उतरवून ठेवा, आणि कुणाचा फोन असा मेला तर पावती घेऊन भांडा.

'आत्ता' आणि 'आज रात्री' यांच्या शेजारी 'नको' हा शब्द आलाच पाहिजे. मराठीत तो दोनच अक्षरांचा आहे. पडद्यावर जागा फार लागणार नाही.