घसारा

आमच्या भाचीची एफवायची तयारी जोरात चालू आहे. ताईने बादली, इस्त्री, चिवड्याचा डबा काढून ठेवलाय. दाखल्यांच्या झेरॉक्स पाच-पाच. नव्या शैक्षणिक धोरणातलं मेजर-मायनर, तीन वर्षांनी पदवी, चौथं केलं तर ऑनर्स, हे सगळं दाजींनी वहीत उतरवलंय.

माझ्या मते खरी तयारी राहिलीच आहे.

मी बारावी कॉमर्स मराठीतून केलं. पुण्यात एफवायला सर 'डेप्रिसिएशन' म्हणायचे. ते म्हणजे आपला घसारा, हे मला दिवाळीपर्यंत कळलं नाही! शेजारच्याला विचारायची लाज. घरी फोनवर मात्र "मस्त चाललंय". शेवटी अकाउंट्समध्ये केटी लागली, ती आईला सहा महिने सांगितली नाही. नापास झाल्यापेक्षा ते लपवणं जास्त जड गेलं.

म्हणून भाचीला म्हटलं, "पहिल्याच आठवड्यात हात वर करून एकदा तरी 'सर, कळलं नाही' म्हण."

आणि ताईला म्हटलं, "फोनवर 'जेवलीस का' विचारून झालं, की 'काय कळत नाहीये' तेही विचारत जा."

ताई गप्प बसली. मग म्हणाली, "तुला कुणी विचारलं नाही, ना रे?"

असो.