महारुखावरचा नारिंगी पतंग

गेल्या महिन्यात विदर्भातल्या एका वाचक भगिनींनी फोटो पाठवला. बकऱ्या चारायला रानात गेलेल्या त्यांच्या मुलाने काडेपेटीत एक इवलासा नारिंगी किडा भरून आणला. अंगावर पांढरे ठिपके. दादी म्हणाल्या, विषारी भुंगा आहे, फेकून दे. बांधावरच्या महारुखाच्या शेंड्यांवरही तसलेच किडे आणि जाळी दिसली, म्हणून घरचे औषध फवारायला निघाले. त्याच झाडाचा पाला बकऱ्या खातात. काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या नजरेत आम्हीही भुंगाच समजलो. मग फोटो मोठा करून पाहिला. पाठीवर कठीण कवच नाही, पंख अंगाभोवती गुंडाळलेले, मिशा दोऱ्यासारख्या. म्हणजे पतंग. बाकीची ओळख झाडानेच पटवली. याचे नाव अटेवा फॅब्रिशिएला. १७८७ साली स्वेडेरस या स्वीडिश अभ्यासकाने फॅब्रिशियस या कीटकतज्ज्ञाच्या नावावरून ते ठेवले. परवाना म्हटला की आपल्याला दिवा आठवतो. हा मात्र भर दिवसाही दिसतो. दादींना सांगा, तो चावत नाही, डंखही मारत नाही.

जाळी त्याच्या अळ्यांची. कोवळी पाने धाग्यांनी ओढून त्या आत एकत्र राहतात, तिथेच खातात, तिथेच कोष करतात. महारुखावर एलिग्मा नार्सिसस हा दुसरा पतंगही येतो. तो बराच मोठा, मागचे पंख पिवळे. त्याच्या पिवळ्या अळ्यांवर काळे पट्टे आणि लांब पांढरे केस असतात आणि त्या उघड्यावर पाने फस्त करतात. जाळी दिसली की अटेवा समजा.

आता फवारणीचे. आमचे मत स्पष्ट आहे, फवारू नका. ते विष पाल्यावाटे बकऱ्यांच्या पोटात जाईल. मोठे झाड पुन्हा पालवते. जाळी धरलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा, एवढे पुरे. यंदा लावलेली रोपे असतील तर मात्र आठवड्यातून एकदा पाहा, कारण अळीने शेंडा खाल्ला की रोपाची वाढ अडते.

महारुखाच्या लाकडाच्या काडेपेटीच्या काड्या करतात. तेव्हा पोराने पतंगाला त्याच्या घरातच ठेवले म्हणायचे!

यापुढे किड्याचा फोटो पाठवाल तेव्हा ज्या झाडावर सापडला, त्याच्या पानाचाही पाठवा. आमचे निम्मे काम हलके होते.