शीळ ऐकणारा साप

बालमित्रांनो, गुप्तहेर नेहमी दुसऱ्यांची तपासणी करतो. आज आपण त्याचीच करू या! इंग्लंडच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनने १९८४ साली शेरलॉक होम्सची मालिका काढली. तिच्यातला 'द स्पेकल्ड बँड', म्हणजे 'ठिपक्यांचा पट्टा', हा भाग घेऊ. कॉनन डॉइल यांची मूळ कथा १८९२ सालची. रहस्य मात्र फोडावं लागणार हं!

लग्न ठरलेली ज्युलिया रात्री बंद खोलीत मरते. दोन वर्षांनी तिच्या बहिणीचं, हेलनचं लग्न ठरतं. घरदुरुस्तीमुळे तिला त्याच खोलीत झोपावं लागतं आणि रात्री शीळ ऐकू येते. मुलींची लग्नं झाली, तर सावत्र वडील डॉ. रॉयलॉट यांचं उत्पन्न घटणार असतं.

आधी गुण देऊ. होम्सला जे दिसतं, ते आपल्यालाही दिसतं. घंटेचा दोर, पण ओढला तर वाजत नाही. हवेसाठी झरोका, पण तो उघडतो शेजारच्या खोलीत. पलंग जमिनीला पक्का ठोकलेला. तिन्ही गोष्टी जोडा, की उत्तर तुमच्या हातात! लपवाछपवी नाही. होम्स झालेल्या जेरेमी ब्रेटची नजर तर बघत राहावी अशी.

आता लाल पेन घेऊ. डॉक्टर सापाला दूध पाजतात आणि शीळ घालून परत बोलावतात. पण दूध हे काही सापाचं अन्न नव्हे. नागपंचमीला तहानलेला ठेवलेला नाग दूध पितो, पण ते त्याला बाधतं. सापाला बाहेरचे कान नसतात. काही आवाज त्याला जाणवतात, पण शीळ ऐकून कुत्र्यासारखा परत येणारा साप कुठला?

सर्वांत मोठी चूक शेवटी आहे. साप डॉक्टरांनाच चावतो आणि ते क्षणात मरतात. खरं तसं नसतं. साप चावल्यावर बहुतेक वेळा दवाखान्यात पोचण्याइतका वेळ मिळतो आणि प्रतिविषाच्या इंजेक्शनने माणूस वाचतो. 'आता काय उपयोग?' म्हणून हातपाय गाळले किंवा मांत्रिकाकडे वेळ घालवला, तर मात्र जीव जातो. पालकांनो, हे घरात सगळ्यांना माहीत हवं, नाही का?

म्हणून दहापैकी सात गुण! तीन विज्ञानाचे कापले. आता तुमची पाळी. आवडत्या मालिकेचा एखादा भाग बघा, वहीत दोन रकाने आखा आणि 'पटलं' व 'पटलं नाही' असं लिहून काढा. कारण लिहायला विसरू नका बरं का!